फिलिपिन्सचा ‘बायानी’ : वीर कोण ठरवतो?



फिलिपिन्समधील सेबू शहरालगत मॅक्तान नावाचे एक लहानसे बेट आहे. त्या बेटाच्या समुद्रकिनारी एकाच आवारात दोन स्मारके उभी आहेत. पहिले फर्डिनंड मॅगेलनचे. स्पॅनिश राज्यकर्त्यांनी ते १८६६ साली उभारले. दुसरा आहे लापु-लापु या स्थानिक प्रमुखाचा भव्य ब्राँझ पुतळा. २७ एप्रिल १५२१ रोजी याच उथळ किनाऱ्यावर लापु-लापुच्या लोकांनी मॅगेलनला ठार केले होते. तेथे १९४१ साली बसविलेला फलक मॅगेलनच्या मृत्यूची नोंद करतो, तर १९५१ सालचा फलक लापु-लापुला युरोपीय आक्रमण परतवणारा पहिला फिलिपिनो म्हणून गौरवितो. दोन्ही फलक एकाच घटनेविषयी आहेत. मधल्या दहा वर्षांत घडले ते एवढेच, की १९४६ साली फिलिपिन्स स्वतंत्र झाला. राष्ट्र स्वतंत्र झाले की तोच किनारा, तीच लढाई आणि तोच मृत्यू यांच्याकडे पाहण्याची दृष्टी कशी पालटते, हे मॅक्तानच्या त्या आवारात उघड्या डोळ्यांनी वाचता येते.

सात हजारांहून अधिक बेटांच्या या देशाने ३३३ वर्षे स्पेनचे, त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक अमेरिकेचे आणि मध्यंतरी तीन वर्षे जपानचे राज्य सोसले. प्रत्येक राज्यकर्त्याने आपापला वीरपुरुष लोकांपुढे ठेवला. लोकांनी मात्र काही स्वीकारले, काही नाकारले आणि काही आपल्या मनाजोगे घडवून घेतले. या घडामोडीचा इतिहास आपल्यालाही अंतर्मुख करणारा आहे.

‘बायानी’ या शब्दाची कुळकथा

टागालोग भाषेत वीराला ‘बायानी’ म्हणतात. स्पॅनिश मिशनऱ्यांनी तयार केलेल्या जुन्या शब्दकोशांत या शब्दाचे दोन अर्थ आढळतात. एक शूर, धाडसी. दुसरा अर्थ सर्वांनी मिळून करावयाच्या कामाशी निगडित आहे. त्यावरूनच ‘बायानिहान’ हा शब्द आला. गावातल्या कुणाला घर हलवायचे असले की शेजारीपाजारी जमत, बांबूच्या दांड्यांवर अख्खे घर खांद्यावर घेत आणि नव्या जागी नेऊन ठेवत. मजुरी कोणी घेत नसे. घरधन्याने जेवू घातले की झाले. शत्रूवर शस्त्र उगारणारा आणि शेजाऱ्याच्या घराला खांदा देणारा, या दोघांनाही एकाच शब्दात सामावून घेणारी ही भाषा आहे. पुढील सर्व विवेचनात हा दुहेरी अर्थ ध्यानात ठेवावा लागेल.

स्पेन येण्यापूर्वी या बेटांना संस्कृती नव्हती, असे कित्येक पिढ्यांना शिकविण्यात आले. वस्तुस्थिती निराळी आहे. १९८९ साली लागुना प्रांतात एक ताम्रपट सापडला. त्यावरील काळ शक संवत ८२२, वैशाख महिना, म्हणजे इसवी सन ९०० असा आहे. एका कुटुंबाच्या कर्जमुक्तीचा तो दस्तऐवज असून त्याची भाषा प्रामुख्याने जुनी मलय, मात्र संस्कृत शब्दांनी युक्त आहे. आजच्या फिलिपिनो भाषेतही गुरूला ‘गुरो’, मुखाला ‘मुखा’, आशेला ‘आसा’ आणि देवतेला ‘दिवाता’ म्हणतात. मिंडानाओ बेटावरील मारानाव लोकांमध्ये ‘महाराडिया लावाना’ नावाची कथा सांगितली जाते. हुआन फ्रान्सिस्को या फिलिपिनो संस्कृततज्ज्ञाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस ती उजेडात आणली. तिच्यातील लावाना म्हणजे आपला रावण. रामाचे नाव तेथे राडिया मांगांदिरी झाले आहे, आणि गंमत अशी की, लक्ष्मणाचे नाव त्यांच्या साहाय्यकर्त्या वानराला मिळाले आहे. मारानाव समाज मुसलमान आहे. तरीही ही कथा त्याने टाकून दिलेली नाही.

त्या काळचा वीर हा महाकाव्याचा वीर होता. इलोकानो लोकांचा लाम-आंग जन्मताच बोलू लागतो आणि अवघ्या नऊ महिन्यांचा असताना पित्याच्या सूडासाठी डोंगरात शिरतो. पुढे एक अजस्र मासा त्याला गिळतो, परंतु त्याची हाडे गोळा केली जातात आणि तो पुन्हा जिवंत होतो. मारानावांच्या ‘दारांगेन’ महाकाव्यातील बांतुगान हाही मृत्यूनंतर परत आणला जातो. या वीरांचा विशेष असा की ते कायमचे मरत नाहीत. त्यांचे आप्त, मित्र, इतकेच काय, पाळलेला कोंबडा आणि कुत्राही त्यांना परत आणण्यास हातभार लावतात. वीर समाजासाठी लढतो आणि समाज वीराला मरू देत नाही, अशी ही परस्परांची बांधिलकी होती.

हौतात्म्याचा उदय

स्पॅनिश राजवट आली ती तलवार आणि क्रूस बरोबर घेऊन. जुने देव गेले, जुन्या गाथा दुर्गम डोंगरांत आणि दूरच्या बेटांत तेवढ्या टिकल्या. त्यांच्या जागी येशूच्या यातनांची दीर्घ कथा आली. तिला ‘पास्योन’ म्हणतात. पवित्र आठवड्यात गावोगावी ती गाऊन म्हटली जाते. लोकांनी निमूट सोसावे, परलोकाची वाट पाहावी, असाच राज्यकर्त्यांचा हेतू असावा. प्रत्यक्षात उलटेच घडले. रेनाल्दो इलेतो या इतिहासकाराने १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखवून दिले की अशिक्षित शेतकऱ्याला बंडाची परिभाषा याच कथेतून मिळाली. गरीब सुताराचा मुलगा सत्ताधीशांपुढे उभा राहतो, आपल्याच माणसाकडून दगा खातो आणि मरण पत्करतो, हे कथानक त्याला स्वतःच्या दैन्याचे वाटू लागले. वीर म्हणजे मरून परत येणारा, ही कल्पना मागे पडली. वीर म्हणजे इतरांसाठी मरणारा, ही कल्पना रुजली. बाहेरून लादलेल्या वस्तूलाही समाज आपला आशय देऊ शकतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

या काळातील उठावांची कारणे पाहिली की मन हेलावते. बोहोल बेटावर फ्रान्सिस्को दागोहोय याच्या भावाला पाद्रीने ख्रिस्ती विधीने दफन करण्यास नकार दिला. त्या अपमानातून १७४४ साली पेटलेले बंड १८२९ पर्यंत, म्हणजे ८५ वर्षे धुमसत राहिले. दागोहोय गेला, पण त्याच्यामागून आलेल्या पिढ्या डोंगरात जन्मल्या आणि डोंगरातच लढल्या. १७६२ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रासहून निघालेल्या आरमाराने मनिला घेतले. त्या मोहिमेतील काही हिंदुस्थानी शिपाई मनिलाजवळच्या काइन्ता गावी कायमचे स्थायिक झाले. त्याच धामधुमीत इलोकोसमध्ये दिएगो सिलांगने स्पेनविरुद्ध बंड पुकारले. मे १७६३ मध्ये त्याचा खून झाला, तेव्हा त्याची पत्नी गाब्रिएला हिने सैन्याची सूत्रे हाती घेतली. चार महिन्यांत ती पकडली गेली आणि फासावर चढली. १८४१ साली आपोलिनारिओ दे ला क्रूझ या तरुणाला देहदंड झाला. तो एतद्देशीय म्हणून धर्मसंघाने त्याला आत घेतले नव्हते, आणि त्याने आपल्या लोकांसाठी वेगळा संघ स्थापन केला होता.

१७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिलात गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तीन धर्मगुरूंना गळा आवळून ठार करण्यात आले. कावितेच्या शस्त्रागारातील बंडाचा ठपका त्यांच्यावर ठेवला होता. खरा अपराध एवढाच, की स्थानिक धर्मगुरूंना बरोबरीचे हक्क मिळावेत अशी त्यांची मागणी होती. त्या वेळी अकरावे वर्ष चालू असलेल्या एका मुलाच्या मनावर ही घटना कोरली गेली. पुढे आपली दुसरी कादंबरी त्याने या तिघांना अर्पण केली. तो मुलगा म्हणजे होसे रिझाल.

रिझाल आणि बोनिफासिओ

रिझाल नेत्रवैद्य होता, बहुभाषी होता, कवी आणि कादंबरीकार होता. ‘नोली मे तांगेरे’ ही त्याची कादंबरी १८८७ साली बर्लिनमध्ये आणि ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ १८९१ साली गेंट येथे छापली गेली. त्याचे आणखी एक कार्य मात्र सहसा सांगितले जात नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्याने आंतोनिओ दे मोर्गा या स्पॅनिश अधिकाऱ्याचा १६०९ सालचा जुना इतिहासग्रंथ उतरवून घेतला आणि त्यावर टीपा लिहिल्या. स्पेनपूर्व काळातही आपल्या पूर्वजांना शेती, नौकानयन, व्यापार आणि लेखनविद्या अवगत होती, हे त्याला परक्यांच्याच कागदपत्रांतून सिद्ध करावयाचे होते. पुढे त्याच नगरीत बसून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी इंग्रजांच्याच दप्तरातून १८५७ चे स्वातंत्र्यसमर उलगडले, याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. गुलाम समाजाला आधी आपला भूतकाळ परत मिळवावा लागतो, हे दोघांनीही ओळखले होते.

३० डिसेंबर १८९६ रोजी सकाळी बागुम्बायानच्या मैदानावर रिझालला गोळ्या घालण्यात आल्या. वय ३५ वर्षे. गोळ्या झाडणारे शिपाई त्याचेच देशबांधव होते आणि त्यांनी कुचराई करू नये म्हणून त्यांच्यामागे स्पॅनिश सैनिक उभे होते. देशद्रोह्याप्रमाणे त्याला पाठमोरे उभे केले होते. परंतु पडता पडता त्याने शरीर वळवले आणि तो आकाशाकडे तोंड करून कोसळला.

रिझालने सशस्त्र उठावास अनुमती दिली नव्हती. तो उठाव केला आंद्रेस बोनिफासिओने. मनिलाच्या तोंडो वस्तीत जन्मलेला, परकीय पेढीच्या वखारीत नोकरी करणारा, मिळतील ती पुस्तके वाचून शहाणा झालेला हा माणूस. ७ जुलै १८९२ रोजी त्याने ‘कातिपुनान’ ही गुप्त संघटना काढली. रिझालची तसबीर तिच्या बैठकांत असे आणि त्याचे नाव परवलीचा शब्द म्हणून वापरले जाई. ८४ वर्षांची मेल्चोरा आकिनो ही वृद्धा या क्रांतिकारकांना आपल्या घरी जेवू घाली, जखमींची शुश्रूषा करी. त्याबद्दल तिला ग्वाम बेटावर हद्दपार करण्यात आले.

परंतु क्रांतीने आपल्याच जनकाला गिळले. मार्च १८९७ मध्ये तेहेरोस येथील सभेत बोनिफासिओ अंतर्गत व्यवहारांचा प्रमुख म्हणून निवडून आला, तेव्हा तो वकील नाही, या सबबीवर एका सदस्याने आक्षेप घेतला. अपमानित बोनिफासिओने ती सभाच अमान्य केली. १० मे १८९७ रोजी एमिलिओ आगिनाल्दोच्या शासनाच्या हुकमाने त्याला आणि त्याच्या भावाला डोंगरात नेऊन ठार करण्यात आले. ज्या आगिनाल्दोने १२ जून १८९८ रोजी स्वातंत्र्याची घोषणा केली, त्याच्याच माथी हा डाग आहे. २ डिसेंबर १८९९ रोजी त्याच आगिनाल्दोच्या माघारीला अवधी मिळावा म्हणून २४ वर्षांचा सेनापती ग्रेगोरिओ देल पिलार सुमारे साठ माणसांनिशी तिराद खिंडीत उभा राहिला आणि धारातीर्थी पडला. पावनखिंडीची गाथा ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला त्याची ओळख निराळी करून द्यावी लागत नाही.

राज्यकर्त्यांनी निवडलेला वीर

यानंतर अमेरिकेचे राज्य आले. विल्यम टाफ्ट अध्यक्ष असलेल्या आयोगाने १९०१ साली मोरोंग प्रांताला रिझालचे नाव दिले, त्याच्या स्मारकनिधीस परवानगी दिली आणि १९०२ साली ३० डिसेंबर ही सुट्टी जाहीर केली. त्याच काळात आपला ध्वज फडकविणे हा १९०७ च्या कायद्याने गुन्हा ठरला आणि १९१९ पर्यंत गुन्हाच राहिला. कातिपुनानचा जुना सैनिक माकारिओ साकाय लढतच राहिला होता. त्याला अभयाचे आश्वासन देऊन खाली उतरविण्यात आले, मेजवानीच्या प्रसंगी पकडण्यात आले आणि १३ सप्टेंबर १९०७ रोजी ‘दरोडेखोर’ म्हणून फाशी देण्यात आले. एकीकडे लेखणीच्या वीराचे पुतळे आणि दुसरीकडे शस्त्राच्या वीराला फाशी, हा योगायोग मानता येत नाही.

रेनातो कॉन्स्तांतिनो या विचारवंताने १९६९ साली नेमके याच मर्मावर बोट ठेवले. क्रांतीला विरोध करणारा वीर अमेरिकेला सोयीचा होता, म्हणून त्याला मोठे केले गेले, असे त्याचे प्रतिपादन होते. यात तथ्य आहे. परंतु ते पूर्ण सत्य नव्हे. अमेरिकी आयोगाच्या कितीतरी आधी, डिसेंबर १८९८ मध्येच, आगिनाल्दोने रिझालचा स्मृतिदिन पाळण्याचा हुकूम काढला होता, आणि बोनिफासिओने तर त्याच्या हयातीतच त्याला आपला मानले होते. तेव्हा लोकांनी आधीच हृदयात बसविलेल्या पुरुषाचा राज्यकर्त्यांनी उपयोग करून घेतला, असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल. वीराचे केवळ सौम्य रूप पूजेला लावायचे आणि त्याच्या विचारातील निखारा झाकून ठेवायचा, ही युक्ती सर्वच देशांतील सत्ताधीशांना अवगत असते.

स्वातंत्र्यानंतर हा निखारा पुन्हा फुलविण्याचा यत्न झाला. १९५६ साली रिझालचे जीवन आणि साहित्य शिक्षणसंस्थांत सक्तीचे करणारा कायदा संमत झाला. धर्मगुरूंवरील टीकेमुळे कॅथॉलिक चर्चने त्यास कडवा विरोध केला होता. १९६२ साली राष्ट्राध्यक्ष माकापागाल यांनी स्वातंत्र्यदिन अमेरिकेने दिलेल्या ४ जुलैवरून हलवून १२ जूनला आणला. स्वातंत्र्य कोणी दान केले त्या दिवशी साजरे करायचे, की आपण ते उच्चारले त्या दिवशी, हा तो प्रश्न होता.

बनावट पदके आणि खरे मरण

यापुढचा अध्याय आपल्याच राज्यकर्त्यांचा आहे. फर्डिनंड मार्कोस यांनी दुसऱ्या महायुद्धातील पराक्रमाच्या आणि पदकांच्या कथांवर आपली प्रतिमा उभारली. १९६५ च्या निवडणुकीपूर्वी त्यांच्या जीवनावर चित्रपटही निघाला. १९७२ साली त्यांनी लष्करी कायदा पुकारला. जानेवारी १९८६ मध्ये उघड झालेल्या अमेरिकी लष्कराच्या दप्तरातील कागदांनुसार, त्यांच्या तथाकथित गनिमी पथकाचे दावे लष्कराने पूर्वीच खोटे ठरविले होते. त्याच महायुद्धात जपान्यांशी सहकार्य नाकारणारे सरन्यायाधीश होसे आबाद सांतोस यांना मे १९४२ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या होत्या. मरणापूर्वी मुलाचे डोळे पुसताना, देशासाठी मरण्याची संधी सर्वांना लाभत नाही, असे त्यांनी त्याला समजाविले. त्यांनी मागे पदके ठेवली नाहीत. ठेवली ती ही एक आठवण.

२१ ऑगस्ट १९८३ रोजी विरोधी नेते निनॉय अकिनो मायदेशी परतले आणि विमानातून उतरताच त्यांची हत्या झाली. फेब्रुवारी १९८६ मध्ये मनिलाच्या एड्सा मार्गावर लाखो सामान्य माणसे रणगाड्यांपुढे उभी राहिली. चार दिवसांत हुकूमशाही कोसळली. या लढ्याचा वीर कोणी एक नव्हता. अख्खे घर खांद्यावर घेणारी ती जुनी बायानिहान रस्त्यावर उतरली होती.

तरीही गोष्ट येथे संपत नाही. १९९५ साली सरकारी समितीने नऊ राष्ट्रवीरांची यादी सुचविली. तीत रिझाल, बोनिफासिओ, आगिनाल्दो, माबिनी, गाब्रिएला सिलांग, मेल्चोरा आकिनो, तसेच सतराव्या शतकात स्पेनशी झुंजलेला मुसलमान सुलतान कुदारातही होता. वाद उसळतील या धास्तीने त्या यादीवर कार्यवाहीच झाली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ विरुद्ध ५ अशा निर्णयानंतर नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्कोस यांचे शव ‘वीरांच्या दफनभूमी’त पुरण्यात आले आणि २०२२ साली त्यांचे पुत्र तीन कोटींहून अधिक मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी एक हजार पेसोच्या नव्या नोटेवरून आबाद सांतोस आणि महायुद्धातील अन्य दोन हुतात्मे गेले, त्यांच्या जागी गरुड आला. गरुड देखणा आहे. पण ज्या मुलाला घरात कोणी त्या तिघांविषयी सांगितले नाही, त्याला आता हातातली नोटही काही सांगणार नाही.

स्मृती किती पातळ होते, याचा दाखला २०१५ साली मिळाला. सेनापती आंतोनिओ लुना यांच्यावरील चित्रपट पाहिल्यावर काही विद्यार्थ्यांनी कलावंतांना विचारले की, माबिनी सबंध चित्रपटात बसूनच का असतो? क्रांतीची घटना-तत्त्वे सिद्ध करणारा आपोलिनारिओ माबिनी दोन्ही पायांनी पांगळा होता, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

नवे वीर आणि जुना अर्थ

१९८८ साली हाँगकाँगमध्ये घरकाम करणाऱ्या फिलिपिनो स्त्रियांपुढे बोलताना राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी त्यांना ‘नवे वीर’ म्हटले. परदेशी राबणारे हे लाखो लोक २०२४ साली बँकांमार्फत ३४ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम घरी पाठवीत होते. त्या पैशावर मुले शिकतात, घरे उभी राहतात. आणि तीच मुले आईवाचून वाढतात. १७ मार्च १९९५ रोजी फ्लोर कॉन्तेम्प्लासिओन या मोलकरणीला सिंगापुरात फाशी झाली, तेव्हा सारा देश हळहळला आणि परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा त्याच वर्षी करावा लागला. ‘वीर’ ही पदवी देणे सोपे आहे; त्या मातेला आपल्याच गावात काम देणे कठीण. कर्तव्यात उणे पडलेली सत्ता कित्येकदा गौरवाच्या शब्दांनी ते उणे झाकते, हेही या शब्दाच्या इतिहासातून शिकावे.

या बदलत्या कल्पनांचा एक धागा महाराष्ट्राशी जुळलेला आहे. १७ मार्च १९५७ रोजी राष्ट्राध्यक्ष रामोन मॅगसेसे यांचा विमान अपघातात मृत्यू झाला आणि त्यांच्या नावे पुरस्कार सुरू झाला. त्याचा निधी अमेरिकेतील रॉकफेलर बंधूंच्या न्यासाचा, हे खरे. पण त्याने गौरविलेले वीरत्व जुन्या ‘बायानी’च्या दुसऱ्या अर्थाचे आहे. १९५८ साली, पहिल्याच वर्षी, तो आचार्य विनोबा भावे यांना मिळाला. पुढे आरोळे दांपत्य, बाबा आमटे, पांडुरंगशास्त्री आठवले, प्रकाश व मंदाकिनी आमटे, नीलिमा मिश्रा यांच्या कार्याची दखल मनिलाने घेतली. यांतील कोणी तलवार उचलली नव्हती. यांनी शेजाऱ्याच्या घराला खांदा दिला होता.

फिलिपिन्सच्या या पाच शतकांतून एक गोष्ट स्पष्ट होते. सत्ता पुतळे उभारते, फलक बदलते, नोटेवरील चित्रे पुसते, शवालाही वीराची भूमी देते. तिचे हे सामर्थ्य कमी लेखू नये. परंतु बोनिफासिओचा घोट घेणारे सरकार गेले आणि बोनिफासिओ उरला. साकायला दरोडेखोर म्हणणारे न्यायाधीश विस्मृतीत गेले आणि साकाय इतिहासात परत आला. ज्यांना समाजाने घरात, गीतांत आणि सणांत सांभाळले ते टिकले. म्हणून व्यक्तीची पूजा बांधण्यापेक्षा तिच्या कार्याची ओळख पुढच्या पिढीला करून देणे, हे कुटुंबाचे आणि कार्यकर्त्याचे काम आहे. जयंतीला हार घालणे हा त्याचा अगदी लहान भाग झाला. एखाद्या मुलाने, हा माणूस असा बसूनच का, असे विचारले, तर उत्तर देणारे कोणीतरी घरात असले पाहिजे.